दोघींचा एक पंप

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरीणबाई, ही वही शेवटी तुम्ही वाचणार, म्हणून आधीच सांगून ठेवते. मी सरस्वता. मागच्या बारीला तुम्ही माझं नाव दोनदा विचारलं अन् तिसऱ्यांदा मला शांताबाई म्हटलं. शांताबाई माझ्या बाजूला बसली होती, तिला मुतखडा आहे. मला दमा. तुमच्या एवढंही ध्यानात राहत नाही, अन् मला म्हणता रोज लिहून ठेवा, विसराल. मी कायले विसरू? ज्याला लिहिता येत नाही त्याला विसरून चालत नाही.

नाव सरस्वता अन् अक्षर एक येत नाही. लिहिते ती माझी सून लता. अंगणवाडीत शिकवते. अक्षर गोल, स्वभाव चौकोनी. हे वाक्य ती लिहीत नव्हती. लिही म्हटलं.

दवाखान्यात सांगितलं ते असं. निळा पंप दम लागला तरच, तो लगेच छाती मोकळी करते. कत्थी, म्हणजे काताच्या रंगाचा पंप, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन दाब, दम असो की नसो. तो आतली सूज उतरवते, पण त्याचा गुण हप्ता-दोन हप्ते दिसत नाही. घेतल्यावर खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंड आतून पांढरं पडते. दोन्ही पंप महिन्याला एक-एक भेटतात.

लता म्हणते, दरवेळी एवढं लिहिणार नाही. नि. म्हणजे निळा, क. म्हणजे कत्थी.

आज क. २, २. नि. १.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

क. २, २. नि. काही नाही.

चहूकडे धान चुरणं सुरू आहे. मशीन शेतात, कोंडा आमच्या नाकात. वरून बिरसीच्या विमानतळावरचे विमान शिकणारे सकाळपासून घिरट्या घालून राहिले. एवढी हवा तिकडे कायले लागते, थोडी खाली सोडा म्हणावं.

भागीरथीचा खोकला आज भिंतीपलीकडून ऐकला. भागीरथी माझी धाकटी जाऊ. आंगण एक, मधात कुडाची भिंत. चाळीस वर्षं दोघींनी एकाच ओट्यावर बसून बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूचा पत्ता अन् जर्दा, दिवसभर तीच धूळ. एक बिडी कधी ओढली नाही आम्ही. ओढणारे वेगळे, खोकणाऱ्या वेगळ्या.

तिच्या छातीत शिटी वाजते. आंगणात झाडू मारते तेव्हा तर कुकरच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

क. २, २. नि. २, पण मला नाही.

दुपारी भागीरथी आली अन् उंबरठ्यातच बसली. तोंडातून शब्द निघेना. खांदे कानापर्यंत. मी निळा पंप तिच्या तोंडात धरला, दाबला, दहा मोजेपर्यंत श्वास धर म्हटलं. तिला तीनपर्यंतच धरता आला. थोड्या वेळानं पुन्हा. पान लावून होईपर्यंत बाई बोलायला लागली. पहिलं वाक्य काय, तर सकाळी मी दिलेल्या चहात साखर कमी होती.

लता रागावली. म्हणे, तुमचं औषध त्यांना का, त्यांना तपासू द्या, त्यांना काय झालं ते आपल्याला माहीत आहे का. मी म्हटलं, मला माहीत आहे. माझंच झालं आहे तिला.

२६ नोव्हेंबर

क. २, २.

प्रकाशला बोलावलं. प्रकाश भागीरथीचा पोरगा. मला मोठीमाय म्हणते. त्याला म्हटलं, आईला गोंदियाच्या दवाखान्यात ने. तो म्हणे, पंपाची एकदा आदत लागली की सुटत नाही. मग म्हणे, थंडी गेली की बरी होते ती. मग चप्पल घालता घालता खरं निघालं. रोशनीला पाहायला कोहमाऱ्याकडचे लोक येऊन राहिले, डिसेंबरातच. रोशनी त्याची पोरगी, डी.एड. झालेली, चांगली. पाहुण्यांच्या कानावर गेलं की आजीला दमा आहे, तर म्हणतील रक्तात आहे, उद्या पोरीच्या लेकरांना होईल.

"मोठीमाय, तुमचं ठीक आहे," म्हणे, "तुमच्या घरी आता लगीन लावायचं कोनी नाही."

असं बोलते माझ्या तोंडावर. अन् खरं बोलते, म्हणून अजून राग येते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

क. २, २. नि. १.

प्रकाशनं आईसाठी औषध आणलं. गावात सुई देणारा आहे, त्याच्याकडून. लाल शिशीतलं गोड औषध अन् पुडीत पांढऱ्या बारीक गोळ्या. गोड औषधानं भागीरथी दिवसभर झोपून राहिली. गोळ्यांनी दोन दिवसांत उठून बसली, दोन भाकरी जास्त खाल्ल्या, अन् प्रकाश मला दाखवायला घेऊन आला, जसा बैल बाजारात दाखवतात.

तोंड सुजल्यासारखं वाटलं मला तिचं. म्हटलं, रंग आला गालावर. ती म्हणे, तुम्हाला कधी येणार.

२ डिसेंबर, मंगळवार

क. २, २. दवाखाना.

डॉक्टरीणबाईला विचारलं, माझ्या ओळखीची एक बाई आहे, तिला असं असं. त्या म्हणाल्या, घेऊन या. म्हटलं, येऊ शकत नाही. म्हणाल्या, मग मी इथून काय सांगू. पण गोळ्यांचं सांगितलं. त्या पांढऱ्या गोळ्या वाईट नाहीत, दम फार वाढला तर पाच-सात दिवस देतात, पण मोजून अन् तपासून. फुटाण्यासारख्या खाल्ल्या तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, अन् रोज खायची सवय झाली की एकदम बंद करता येत नाही. गोड औषध तर दमेकऱ्याला झोपवते, अन् झोपेत दम कोणाला दिसत नाही.

घरी येऊन भागीरथीला सगळं सांगितलं. ती म्हणे, बंद करते. अन् घेऊ काय?

माझ्या पिशवीत दोन नवे पंप होते.

५ डिसेंबर, शुक्रवार

क. २, २ लिही, लता. विचारू नको, लिही.

नि. १.

९ डिसेंबर, मंगळवार

क. २, २. नि. १.

आज लताला जुनं सांगत बसली. ठेकेदार पत्ता वजनानं द्यायचा अन् तेवढ्या पत्त्याच्या एवढ्या बिड्या परत पाहिजे म्हणायचा. पण कैची ज्याच्या हातात बसली आहे तो पानावर मापाचा फर्मा असा ठेवते की शिरेच्या बाजूचा तुकडाही कामी येते. दोघींचा पत्ता रोज उरायचा. मी अन् भागीरथी उरलेला एकत्र करायचो, तिसऱ्या एका बाईचं काम त्यात व्हायचं. ठेकेदाराला बारा वर्षं समजलं नाही. दिलेल्या मालातून जास्तीचं काढणं, ह्यात आम्हा दोघींचा हात कोणी धरला नाही.

लता म्हणे, आज कायले आठवलं. म्हटलं, असंच.

१३ डिसेंबर, शनिवार

क. २, २. नि. २.

रात्रभर उशी उंच करून बसली होती. सकाळी लता म्हणे, औषध बरोबर घेता ना? म्हटलं, तूच तर लिहून राहिली.

भागीरथी मात्र बरी आहे. हात थरथरतात तिचे, छाती धडधडते म्हणते. मी म्हटलं, नातजावई येऊन राहिला, धडधडणारच.

१६ डिसेंबर, मंगळवार

क. २, २. नि. ३.

प्रकाश सांगून गेला. रविवारी पाहुणे येतात. आईला तेवढा वेळ तुमच्या घरी बसवतो, मोठीमाय, पाहुण्यांच्या पुढ्यात शिटी वाजली तर कसं. मी बरं म्हटलं. लतानं वहीतून वर पाहिलं. पाहू दे.

भागीरथी त्याच्या मागं उभी होती. नवं लुगडं काढून ठेवलं होतं तिनं, रोशनीच्या पाहण्यासाठी. ते नेसून माझ्या चुलीपुढं बसणार आता.

२३ डिसेंबर, मंगळवार. गोंदिया, दवाखाना

आज सगळं लिही, लता. मधात थांबवू नको.

रविवारी अकरा वाजता पाहुणे आले. पोरगा, त्याचे मायबाप अन् एक आत्या. भागीरथी नव्या लुगड्यात माझ्या घरी, लता तिकडे पोहे करायला. बाजूच्या शेतात मशीन सुरू, कोंडा दारातून आत. दार लावलं तर चुलीचा धूर. पोहे परतल्याचा वास आला तेव्हा भागीरथीचा दम वाढायला लागला. मी निळा पंप दिला. ती ओढे, पण काही होईना. मी हलवून पाहिला. हलका. दाबला तर नुसती फुस्स. आत औषध नाही. महिन्याचा पंप वीस दिवसांत संपला होता.

कत्थी दिला. माहीत होतं की तो चालत्या दमाला उपयोगाचा नाही. तरी दिला.

तिची बोटं निळी दिसायला लागली. भिंतीपलीकडे पाहुणे हसून राहिले होते. मी उठली अन् दारापर्यंत गेली. पोरीला प्रश्न विचारणं सुरू होतं, शिक्षण किती, स्वयंपाक कोणता येते. मी दारातून परत आली. म्हटलं, पोहे होऊ दे त्यांचे. मग म्हटलं, चहा होऊ दे. लता, तू ट्रे घेऊन माझ्यासमोरून गेली, मी तुला हाक मारली नाही.

तेवढ्यात पोराची आत्या हात धुवायला म्हणून आमच्या बाजूला आली. बाया अशाच येतात, आजूबाजूचं घर पाहायला. तिनं भागीरथीला पाहिलं, मला पाहिलं, अन् काही न बोलता कमरेचा बटवा सोडला. त्यात निळा पंप. तिनं स्वतःच्या हातानं दाबला, थांबून थांबून चार वेळा, आमच्यापेक्षा चांगला. तिला सवय होती. मग पंप पदराला पुसला, बटव्यात ठेवला.

"आमच्या घरी कोनाले माहीत नाही," म्हणे. "सांगू नका, बाई."

अन् हात न धुताच गेली. तिकडे जाऊन चहा घेतला असेल.

त्या चार दाबांनी भागीरथीला थोडा श्वास आला, पुरता नाही. मान टाकायला लागली. तेव्हा मी गेली ओसरीवर. सगळे बसलेले, रोशनी पाटावर. प्रकाशनं मला डोळ्यानं थांबवलं.

"माझ्या जावेला दमा आहे," मी म्हटलं. "मलाही आहे. गाडी बोलवा, ती मरून राहिली."

आत्यानं कपातून डोळे वर केले नाहीत.

गाडी आली. गाडीतच नाकाला नळी, अन् मशीननं औषधाची वाफ.

आता दुसरं लिही. हे डॉक्टरीणबाईसाठी आहे. ५ डिसेंबरपासून वहीत क. २, २ लिहिलं ते खोटं आहे. सकाळचे दोन दाब मी घेतले, संध्याकाळचे दोन भागीरथीनं. निळाही वाटून. वहीत निळ्याचे फक्त माझे आकडे आहेत. तिचे किती, ते मी सांगितले नाहीत, मलाही मोजता आले नाहीत. भिंतीवरून पंप पलीकडे जायचा अन् परत यायचा. मला वाटलं, पत्त्यातून पत्ता काढला तसा पंपातून पंप निघेल. एकीच्या मालात दोघी बसतील. बसल्या नाहीत. मीही अर्धी, तीही अर्धी.

लतानं पेन खाली ठेवला. म्हणे, "आई, अठरा दिवस तुम्ही माझ्या हातून खोटं लिहून घेतलं?"

हो. तुझं अक्षर चांगलं आहे, कोणाला शंका आली नाही.

ती मागची पानं खोडायला निघाली. मी खोडू दिली नाहीत. राहू दे तशीच.

२४ डिसेंबर, बुधवार

क. २, २. खरं आहे हे. लतानं समोर उभं राहून घेववलं.

डॉक्टरीणबाईनं वही वाचली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची ओढली अन् बसल्या. म्हणाल्या, निळा वारंवार लागायला लागला, तर पंप चांगला आहे असं समजायचं नाही, दमा वाढून राहिला असं समजायचं. हात थरथरत होते, छाती धडधडत होती, ते तेच. मी म्हटलं, मी तिची थट्टा केली होती त्यावरून.

भागीरथीला वाफ चार-चार तासांनी. गोळ्या पाच दिवस, मोजून. नळी अजून आहे.

प्रकाश येऊन गेला. आईच्या पायाशी बसला, पाय दाबले. पोरगा वाईट नाही. जाताना मला बाहेर घेऊन गेला अन् म्हणे, मोठीमाय, चहा झालाच होता. पाच मिनिटं अजून थांबल्या असत्या तर ते निघाले असते.

पाच मिनिटं. मी किती थांबली, हे त्याला माहीत नाही. तेही सांगितलं असतं तर काय म्हणाला असता, कोण जाणे. कदाचित उपकार मानले असते.

२६ डिसेंबर, शुक्रवार

क. २, २. नि. काही नाही.

कोहमाऱ्याहून निरोप नाही. मध्यस्थ म्हणते, विचार करून राहिले. घरात दमा निघाला म्हणून बायकांचं मन घेत नाही म्हणे. कोणत्या बायकांचं, मी विचारलं. त्याला माहीत नाही.

मला माहीत आहे. एका शब्दानं सगळं उलटवू शकते मी. पण त्या बाईनं पंप दाबला नसता तर भागीरथी गाडीपर्यंत टिकली नसती. अन् सांगितलं तर होईल काय, आपल्या घराचं सावरता सावरता तिच्या घराचं उघडं होईल. रोशनी काल भेटायला आली होती. म्हणे, आजी, मला असं घर नको जिथं श्वास लपून घ्यावा लागते. म्हटलं, बाई, मग तू घर शोधतच राहशील.

तिलाही आत्याचं सांगितलं नाही. वहीत आहे ते आहे. लता, ही वही प्रकाशच्या हाती द्यायची नाही.

२७ डिसेंबर, शनिवार

क. २, २.

दिवसाची नळी काढली. भागीरथी बसते. बसल्या बसल्या वॉर्डातल्या सगळ्या बायांची नावं, गावं अन् आजार विचारून झाले तिचे. समोरच्या खाटेवरची तिरोड्याची आहे, तिलाही पंप, पण तिचा फिरकीचा, त्यात कॅप्सूल टाकून ओढतात. पहिले आठ दिवस ती कॅप्सूल पाण्यासोबत गिळत होती, कोणी सांगितलंच नाही म्हणे. भागीरथी एवढी हसली की नर्स धावत आली.

मग मला म्हणे, हसते कायले मी, आपण काय शहाण्या होतो.

खिडकीत तिचे दोन पंप ठेवले आहेत, नवे, निळा अन् कत्थी. दवाखान्यानं दिले. पण पुढच्या महिन्यापासून भेटायला तिचं कार्ड पाहिजे. कार्डावर नाव, गाव, आजार. सोमवारी दहा वाजता बाई कागद भरायला येणार.

प्रकाशनं काय सुचवावं? माझ्याच कार्डावर दोन-दोन पंप लिहून घेता येतील का. मोठीमायचं तर सगळ्यांना माहीतच आहे. आईचं नाव कागदावर कायले पाहिजे, अजून तिकडून नाही म्हटलं नाही त्यांनी.

मी भागीरथीकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती. ह्या बाईला मी चाळीस वर्षं ओळखते. ठेकेदारासमोर ती कधी बोलली नाही, मीच दोघींचं बोलायची. माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. गिळलं. ह्या बारीला तिच्या वाटचं मी बोलणार नाही. बोलून बोलूनच तर इथवर आणलं तिला.

"आई, काय म्हणते?" प्रकाशनं विचारलं.

भागीरथी म्हणे, "पाहू सोमवारी."

एवढंच.

२८ डिसेंबर, रविवार

क. २, २. नि. १, पायऱ्या चढल्यावर.

भागीरथीनं आज कत्थी पंप हातात घेतला, झाकण काढलं, लावलं, खिडकीत परत ठेवला. मला विचारलं, ह्याच्यावर काय लिहिलं आहे. मी म्हटलं, मला काय विचारते. दोघी हसलो, हळू.

तिच्या मनात काय आहे मला समजत नाही. पहिल्यांदाच.

लता, उद्या डबा दहाच्या आधी पोचव, उशीर करू नको. कण्यांची पेज कर, पातळ, मीठ बेतानं. सोबत पोपटाच्या वालशेंगांचे दाणे, मऊ शिजवून, मिरची नको, फोडणीचा ठसका लागते तिला. दही नको. एक उकडलेलं अंडं. अन् डबे दोन आण, तिचा वेगळा, माझा वेगळा. एकातलं दोघींना नको.